गॅलहरला हेंड्रिक्सचं सर्टिफिकेट कशाला?

"जगातला सर्वांत भारी गिटारिस्ट असल्यावर कसं वाटतं?" जिमी हेंड्रिक्स म्हणे उत्तरला, "रोरी गॅलहरला विचारा." आयरिश गिटारवादक रोरी गॅलहरबद्दलचं हे फॉरवर्ड अधूनमधून फिरतच असतं. त्याला तीन शेपट्याही आहेत: बिचाऱ्याला हयातीत कुणी विचारलं नाही, गिटारचा रंग त्याने स्टाइल म्हणून खरवडला, रोलिंग स्टोन्स या ब्रिटिश बँडने त्याला नाकारलं.

हेंड्रिक्सचं आधी. मुलाखत कुठली, घेतली कुणी, कधी? फॉरवर्डवाले गप्प. ना ध्वनिफीत, ना तेव्हाच्या पेपरातलं कात्रण. हाच संवाद शिकागो बँडच्या टेरी कॅथच्या नावावर खपतो आणि फिल कीगी या गिटारवादकाच्याही. कीगीने तर स्वतःच हात झटकलेत.

'उपेक्षित' वाचून मात्र हसू आलं. 1970 च्या आइल ऑफ वाइट महोत्सवात गॅलहरच्या 'टेस्ट' बँडला लोक सोडेनात. पुढे 'मेलडी मेकर' या ब्रिटिश संगीत साप्ताहिकाच्या वाचकांनी कौल देताना त्याला नामांकित गिटारिस्ट एरिक क्लॅप्टनच्या वर बसवलं. सिंगल (एकेक सुटं गाणं) काढायची त्याला ॲलर्जी होती, म्हणून रेडिओवर तो फारसा वाजला नाही, एवढंच. बाँबस्फोटांना घाबरून बाहेरचे बँड बेलफास्टला फिरकत नव्हते, तेव्हा हा गडी तिथल्या अल्स्टर हॉलमध्ये हजर. 1974 च्या त्याच्या आयर्लंड दौऱ्यावर दिग्दर्शक टोनी पामरने अख्खी फिल्म काढली. उपेक्षितांवर कोण फिल्म काढतं?

आता गिटार. कॉर्कमधल्या क्रॉलींच्या दुकानातून 1963 साली, पंधराव्या वर्षी, त्याने सेकंडहँड फेंडर स्ट्रॅटोकास्टर उचलली. किंमत शंभर पौंड, तीही हप्त्याने. आईला धडकी भरली, तर म्हणाला, ऱ्हिदम (तालाची साथ) आणि लीड (मुख्य सुरावट) दोन्ही मीच वाजवीन, दुसरा गिटारवाला लागणारच नाही. ही गिटार एकदा चोरीला गेली आणि पावसात भिजलेली एका चरात सापडली. बाकीचा रंग वर्षानुवर्षांच्या घामाने खाल्ला. 2024 च्या लिलावात तिला सुमारे 8 लाख 89 हजार पौंड आले. (नवी गिटार मुद्दाम झिजवून 'रेलिक' म्हणून विकणारे वेगळे.)

राहिले स्टोन्स. त्यांचा गिटारवाला मिक टेलर बँड सोडून गेल्यावर, 1975 च्या जानेवारीत, गॅलहर रॉटरडॅमला जाऊन त्यांच्यासोबत वाजवून आला. पण त्याचा जपान दौरा ठरलेला होता. स्टोन्सचं काही ठरेना, तेव्हा तो सरळ जपानला निघून गेला. ती जागा पुढे रॉनी वुडला मिळाली.