दिवाणजी आत, दिवाणजी बाहेर

पाडव्याला मार्केट यार्डात गुळाचे मुहूर्ताचे सौदे झाले, की आमच्या अडत दुकानात कुणाला बसायला सवड नसते. यंदा ती सवड कॉम्प्युटरनं दिली. शेतकऱ्याची पट्टी, म्हणजे त्याच्या विकलेल्या गुळाच्या हिशेबाचा कागद, काढायला बटण दाबलं, की स्क्रीनवर ते निळं चक्र फिरायला लागायचं. गुऱ्हाळाच्या चरकासारखं गरगर, फक्त रस काही गळायचा नाही. बाकड्यावरची मंडळी आधी चहा घ्यायची, मग तंबाखू मळायची आणि मग सगळी मिळून माझ्याकडं बघायची.

"दादा, पट्टी निघत्या का तवर उसाला पाणी पाजून येऊ?" शिरोळकडच्या एका शेतकऱ्यानं विचारलं. चेष्टेत विचारलं असं मला आधी वाटलं. तो खरंच उठून गेला.

गुन्हेगार मीच. दुकानाचा सगळा हिशेब मी ॲक्सेसमध्ये, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेस प्रोग्रॅममध्ये, बांधलाय. ॲक्सेस बाजारात आलं १९९२ साली. मी त्याच्या वाटेला गेलो ते बी.कॉम. झाल्यावर, नोकरी मिळेना म्हणून. तेव्हापासून आमचे चुलते, म्हणजे आण्णा, चारचौघांत माझी ओळख 'आमचा इंजिनेर' अशी करून देतात. पगार बी.कॉम.चाच देतात.

खात्यांची मूळ फाईल आण्णांच्या मशीनवर, शेअर केलेल्या फोल्डरात. स्क्रीनवर खाती बघायचे फॉर्म आणि कागदावर काढायचे रिपोर्ट यांची फाईल माझ्याकडं एक, दिवाणजींकडं एक. अशी फोड करायची असते एवढं मला ठाऊक होतं आणि त्याचा थोडा तोराही होता. ॲक्सेसच्या कागदपत्रांत म्हटलंय, एका वेळी २५५ जण ही फाईल वापरू शकतात. आम्ही दोघं होतो.

कोल्हापुरात सल्ला मागावा लागत नाही, नुसतं कपाळाला हात लावून बसलं की पुरतं. हमालांचा मुकादम म्हणाला, बंद करून चालू करा. शेजारच्या अडत्यानं व्हायरस काढणारा भाचा पाठवला. राजारामपुरीतून आलेल्या संगणकवाल्यानं मशीनला हात न लावता दोन नव्या मशीनचं कोटेशन दिलं. ते आण्णांनी नीट घडी करून तपकिरीच्या डबीखाली ठेवलं. आमच्याकडं याचा अर्थ 'नाही' असा होतो.

मग मी बाह्या सरसावल्या. ॲक्सेसमध्ये ओळ पुसली तरी तिची जागा लगेच मोकळी होत नाही, रिकाम्या पोत्यांच्या थप्पीसारखी ती अडून राहते. सगळ्यांना बाहेर काढून, आधी एक प्रत बाजूला ठेवून, 'कॉम्पॅक्ट अँड रिपेअर' चालवलं. ५८० एमबीची फाईल ९० वर आली. तालमीत जाऊन आल्यासारखी फाईल हलकी झाली आणि पट्टी होती तेवढ्याच वेळात निघाली.

मग शेतकऱ्याच्या नावाला इंडेक्स, म्हणजे पुस्तकामागं असते तशी सूची, लावला. पलीकडं आण्णांचं मशीन आपल्यासाठी काही शोधून वगैरे देत नाही, ते नुसतं कपाट. शोधायचं काम आपल्या मशीननं करायचं. इंडेक्स नसेल तर एका पाटलाचं खातं काढायला सगळे पाटील, सगळे चौगुले आणि सगळे माने वायरीतून चालत येणार. इंडेक्सनं नाव शोधणं चटकन व्हायला लागलं, पण फॉर्म उघडायला तीच बोंब.

शेवटी नेटवर्कचा स्विच, म्हणजे सगळ्या मशीनच्या वायरी जोडणारा डबा, उघडला, आणि मुंग्या! गुळाच्या दुकानात दुसरं काय असणार? डब्यात त्यांची अख्खी वसाहत होती, अंड्यांसकट. मला इतका आनंद झाला की मी आण्णांना हाक मारली, हमालांना दाखवलं, मोबाईलवर फोटो काढला. ब्रशनं झाडून, पुसून स्विच परत लावला. सगळं दुकान माझ्या मागं उभं. बटण दाबलं. चक्र फिरायला लागलं. मुकादम हळूच म्हणाला, "मुंग्यास्नी उगंच घराभाईर काढलं."

निदान केलं ते आण्णांनी. तीन दिवस ते गादीवरून काही न बोलता बघत होते.

"एक सांगू का? तू एकटा असलास की हे पळतंय. दिवाणजी येऊन बसला की बसतंय."

मी हसलो. मग मोबाईलवर वेळ लावली. दिवाणजी बाहेर चहाला, तर फॉर्म चार सेकंदात. दिवाणजी आत, तर अडतीस. पुन्हा बाहेर पाठवले, चार. पुन्हा आत, एक्केचाळीस. तोवर हमालांनी पैजा लावायला सुरुवात केली होती. दिवाणजी म्हणजे तीस वर्षं दुकानाच्या पैशाला पैसा लावलेला माणूस, पण त्या दिवशी त्यांनी अकरा चहा घेतले आणि अकराव्या चहाला त्यांचे डोळे भरून आले. "मालक, माझा पायगुण वाईट असंल तर घरी बसतो." आण्णा पाघळले, पण "बस" असंही म्हणेनात आणि "जा" असंही. संध्याकाळी दिवाणजी अंबाबाईला जाऊन आले. दुसऱ्या दिवशी एकोणचाळीस सेकंद. देवीनं दोन कमी केले, असं ते म्हणाले.

त्या रात्री शटर ओढून मी आण्णांच्या मशीनवर शेअरचं फोल्डर उघडून बसलो. माझ्या मशीनवर फॉर्म उघडला, की मूळ फाईलीशेजारी एक चिमुकली लॉक फाईल उगवायची. फॉर्म बंद केला, की गायब. पुन्हा उघडला, पुन्हा उगवली. म्हणजे रवा, आपली गुळाची ढेप, आणायला गोदामात जायचं, कुलूप काढायचं, वहीत नाव लिहायचं, रवा घेऊन यायचं, कुलूप लावायचं, नाव खोडायचं आणि पुढच्या रव्याला पुन्हा पहिल्यापासून! एकटा माणूस असला तर विंडोज त्याला फाईलीचे तुकडे आपल्याच मशीनच्या खिशात ठेवू देतं. दुसरा आला की खिसे रिकामे करायला लावतं आणि मग प्रत्येक हेलपाटा वायरीवरून. दिवाणजी म्हणजे तो दुसरा. त्यांच्या जागी कुणीही बसलं असतं तरी तेच झालं असतं.

इलाज दहा मिनिटांचा निघाला. एका ओळीचं टेबल आणि त्यावर एक अदृश्य फॉर्म, सकाळी उघडून संध्याकाळपर्यंत तसाच उघडा ठेवायचा. गोदामाच्या दारात दिवसभर माणूस बसवल्यासारखं. दिवाणजी आत, पाच सेकंद. मी त्यांच्या पाया पडलो. हमालांनी पैजेचे पैसे कुणाला द्यायचे यावरून भांडण काढलं.

पण पट्टी? फॉर्म पळायचा आणि पट्टी मात्र दिवाणजींच्या मशीनवर अजून अडायची. त्यांचा चेहरा पुन्हा पडला. सापडलं ते असं: कागदाचा आकार आणि समास किती, हे पट्टीसारखा रिपोर्ट उघडताना ॲक्सेस डिफॉल्ट प्रिंटरला विचारतं. दिवाणजींच्या मशीनवर डिफॉल्ट होता नेटवर्कवरचा जुना डॉट मॅट्रिक्स. तो गेल्या गणपतीत भंगारात गेला. प्रत्येक पट्टीला मशीन त्याला हाक मारत होतं आणि उत्तराची वाट बघत थांबत होतं.

"म्हंजे मेलेल्याला इचारून पट्टी करत हुतासा व्हय?" आण्णा म्हणाले.

प्रिंटर बदलला. दुपारी शिरोळचे ते गृहस्थ आले. बाकड्यावर टेकतात न टेकतात तोच दिवाणजींनी पट्टी हातात ठेवली. वजन, दर, हमाली, तोलाई, सगळं मांडलेलं. त्यांनी कागद उलटा करून बघितला, सुलटा करून बघितला.

"एवढ्यात झाली? काहीतरी चुकलंय बघा." त्यांनी खिशातलं पेन काढलं, चष्मा लावला, दिवाणजींना शेजारी बसवून घेतलं आणि पहिल्या रव्यापासून बेरीज करायला घेतली. पाऊण तास लागला.