रात्रभर चार्जिंगला लावली की घर पेटतं म्हणे

गेल्या आठवड्यात एकच मेसेज मला तीन ठिकाणांहून आला. पलूसच्या मावसभावाने पाठवला, सोसायटीच्या ग्रुपवर पडला आणि शेवटी आमच्या इस्त्रीवाल्या मामांनी मोबाइल नाकासमोर धरून वाचायला लावला. 'इलेक्ट्रिक कारवाल्यांनो सावधान' असा मथळा आणि खाली पाच गोष्टी. घरच्या प्लगवर रात्रभर चार्जिंग म्हणजे घराला आग. वाचलेले पेट्रोलचे पैसे लाइट बिलात जातात. गाडी आठ दिवस उभी राहिली की बॅटरी शून्य. सोसायटी चार्जर लावूच देत नाही. आणि पावसात चार्ज केली तर शॉक, पुरात तर गाडी पाण्यात करंट सोडते.

मी सांगलीत शामरावनगरला राहतो. दोन वर्षं इलेक्ट्रिक गाडी वापरतोय. मेसेज लिहिणाऱ्याने एक दिवसही वापरलेली दिसत नाही, पण त्याने बोट ठेवलंय त्याच्या वीतभर अलीकडे-पलीकडे खरी दुखणी आहेत.

आगीचंच घ्या. गाडीबरोबर मिळणारा चार्जर १५ अँपिअरच्या प्लगवर चालतो आणि साधारण ३ किलोवॉट ओढतो, म्हणजे मोठ्या गिझरएवढा. गिझरने घर पेटत नाही, मग गाडीनेच का पेटावं? फरक वेळेचा आहे. गिझर वीस मिनिटांत बंद होतो. ३० युनिटची बॅटरी तळापासून भरायची तर तोच लोड नऊ-दहा तास सलग चालतो. सैल स्क्रू, घासलेलं सॉकेट, बारीक वायर हे सगळं गिझरला खपून जातं, गाडीला खपत नाही. माझ्या पहिल्याच महिन्यात प्लगची पिन तपकिरी झाली होती. दोष माझाच, पार्किंगमधल्या पंपाच्या जुन्या सॉकेटला गाडी लावत होतो. नंतर मीटरपासून स्वतंत्र ६ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर ओढली, वेगळा एमसीबी (लोड जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळायला लागला की वीज तोडणारा स्विच) बसवला, साध्या प्लगऐवजी औद्योगिक सॉकेट लावलं. आता रात्रभर चार्जिंग झाल्यावर हात लावला तर सॉकेट जेमतेम कोमट लागतं. एक्स्टेंशन बोर्ड मात्र कुणी कितीही 'हेवी ड्युटी' म्हणून विकला तरी वापरू नका.

याच मुद्द्यात एक गोष्ट मेसेजवाल्याला माहीतच नाही, आणि ती जास्त घातक आहे. जुन्या घरात अर्थिंग नावालाच असतं. चार्जरला ते कळतं, तो लाल दिवा दाखवून चार्जिंग नाकारतो. मग वायरमन येतो, म्हणतो "साहेब, चार्जर फार सेन्सिटिव्ह आहे," आणि सॉकेटमध्येच न्यूट्रल (वीज परत नेणारी तार) आणि अर्थ एकत्र जोडून देतो. दिवा हिरवा, मालक खूश! उद्या कुठे न्यूट्रल तुटली तर गाडीच्या पत्र्यावरच २३० व्होल्ट. हा जुगाड मी ओळखीच्या दोन घरांत पाहिलाय. नवा अर्थिंग खड्डा करायला अर्धा दिवस लागतो. तेवढा वेळ काढा.

बिलाचा मुद्दा लवकर संपतो. महिन्याला १००० किलोमीटर, युनिटला ७ किलोमीटर, वाया जाणारी वीज धरून साधारण १६० युनिट. सगळे आकार मिळून युनिट १२ रुपयांना पडलं असं धरा, १९०० रुपयांच्या आसपास. लिटरला १५ देणारी पेट्रोल गाडी याच अंतराला सात हजारांच्या घरात जाते. "स्लॅब चढतो ना!" चढतो. पण तुमचा वापर १८० वरून ३४० वर गेला तर ३०० च्या वरचा दर फक्त त्या वरच्या ४० युनिटांना लागतो, सगळ्या बिलाला नाही. हा गैरसमज इतका पक्का बसलाय की आमच्या साडूंनी त्यापायी एसी घ्यायचं लांबणीवर टाकलंय. ज्याला घरी चार्जिंगची सोयच नाही, सगळं बाहेरच्या फास्ट चार्जरवर, त्याची बचत मात्र बरीच घटते. त्याने गाडी घेण्यापूर्वी शांतपणे हिशोब मांडावा.

आठ दिवसांत बॅटरी शून्य? मी ७० टक्क्यांवर गाडी ठेवून अठरा दिवस बाहेर होतो, आलो तेव्हा ६८ होती. उतरते ती वेगळीच बॅटरी. दिवे, लॉक आणि कॉम्प्युटर चालवणारी १२ व्होल्टची साधी बॅटरी या गाड्यांतही असते. ती बसली की मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी उघडत नाही, मग लोक म्हणतात चार्जिंग उतरलं. पेट्रोल गाडीची बॅटरी बसली तर आपण टाकी रिकामी झाली म्हणतो का?

सोसायटीचं थोडं सविस्तर सांगतो, कारण फोन याचेच जास्त येतात. केंद्र सरकारने २०१८ मध्येच स्पष्ट केलंय की गाडी चार्ज करायला विजेचा परवाना लागत नाही. २०१९ मध्ये इमारतींच्या आदर्श नियमांत २० टक्के पार्किंगला चार्जिंगची तयारी ठेवण्याची तरतूदही आली. पण कागद दाखवून अध्यक्षकाका विरघळत नाहीत. आमच्याकडे त्यांचे आक्षेप तीनच होते. कॉमन मीटरची वीज कोण भरणार, वायर कुठून नेणार आणि उद्या सगळ्यांनीच मागितलं तर काय. पहिल्यावर उत्तर सोपं, वीज माझ्याच मीटरमधून. दुसऱ्याला पाइपमधून छताखालून वायर नेली. माझ्या पार्किंगचा खांब मीटर रूमपासून बराच लांब, म्हणून शेवटी ४ ऐवजी ६ चौरस मिलिमीटरची घ्यावी लागली, नाहीतर व्होल्टेज पडतं. तिसरा आक्षेप खरा आहे. सात-आठ गाड्या एकदम रात्री लागल्या तर इमारतीचा मंजूर भार पुरणार नाही, तो वाढवून घ्यावा लागेल किंवा वेळा वाटून घ्याव्या लागतील. मी मीटिंगमध्ये हे स्वतःच बोललो, आणि खरं सांगायचं तर परवानगी त्यामुळेच मिळाली.

जाता जाता, मेसेजने न सांगितलेला खरा वैताग हायवेवर आहे. पुण्याला जाताना हॉटेलच्या फास्ट चार्जरसमोर पेट्रोलची गाडी आडवी लावून मालक आत मिसळ खात असतो. आणि आपले इलेक्ट्रिकवालेही काही कमी नाहीत. ८० टक्क्यांनंतर फास्ट चार्जिंग मंदावतं, तरी १०० होईपर्यंत मशीन अडवून बसतात, मागे दोघं ताटकळत.

आता पाणी. पावसात गन, म्हणजे चार्जरचं गाडीत बसवायचं टोक, लावताना शॉक बसत नाही, कारण गन नीट बसून गाडी आणि चार्जर यांची आपसात खूण पटल्याशिवाय तारेत करंट सोडलाच जात नाही. जपायचं ते भिंतीकडच्या टोकाला. चार्जरचा डबा डबक्यात लोळू देऊ नका, सॉकेटला झाकण हवं.

पुरावर सांगलीकराशी बोलताना जपून बोलावं लागतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली होती, धोक्याची पातळी ४५. आमच्या पार्किंगमध्ये पाणी कित्येक दिवस होतं आणि माझी तेव्हाची पेट्रोल गाडी त्यातच गेली. इलेक्ट्रिक असती तर तिने पाण्यात करंट सोडला असता का? नाही. मोठ्या बॅटरीच्या तारा गाडीच्या पत्र्याला जोडलेल्याच नसतात आणि गाडी बंद असताना बॅटरीचे संपर्क आतूनच तुटलेले असतात. पाण्यात खरी भीती भिंतीवरच्या चालू सॉकेटची. पण "बॅटरी आयपी ६७ आहे, काही होत नाही" असं पाणी-धुळीपासून बचावाच्या दर्जाचा आकडा सांगणारा विक्रेताही अर्धंच सांगतो. ती चाचणी १ मीटर पाण्यात ३० मिनिटांची असते, आपला पूर मुक्कामाला येतो. बुडालेली गाडी चालू करायची नाही, चार्जिंगला तर अजिबात लावायची नाही, इतर गाड्यांपासून लांब उघड्यावर ठेवून उचलून न्यायची. आत पाणी शिरलेली बॅटरी काही दिवसांनीही पेट घेऊ शकते. आणि विमा फक्त थर्ड पार्टी असेल तर पुराचा एक रुपया मिळत नाही, गाडी कुठलीही असो.

माझं सॉकेट मी खांबावर २०१९ च्या पाण्याची खूण आहे तिच्या हातभर वर बसवलंय. लावताना टाचा उंचवाव्या लागतात, बायको स्टूल घेते. आयर्विनपाशी पाणी ३५ फुटांच्या पुढे सरकायला लागलं की त्याच रात्री गाडी भरून घेतो, कारण नंतर आमच्या भागाची लाइट जाते, आणि सकाळी विश्रामबागला बहिणीच्या दारात नेऊन लावतो. गेल्या वेळी गेलो तर तिच्या दारात आधीच चार गाड्या उभ्या होत्या, चारही पेट्रोलच्या. त्यातली एक पलूसच्या मावसभावाची.