सातबारा जसाच्या तसा, बाग मात्र गेली

दिंडोरी तालुक्यातल्या आमच्या द्राक्षबागेला लागून सरकारी रस्त्याचा भराव पडला. त्यात माझी गुंठाभरही जमीन गेली नाही. पण ओहोळाच्या जागी मोरी ठेवली नसल्याने पावसाचे पाणी भरावाला अडून एकरभर बागेत साचते, आणि या पावसाळ्यात ते अकरा दिवस हटले नाही. वेलीच्या बुडाशी उकरून पाहिले तर पांढरी मुळी दिसेना. बोटांत चुरडणारी, कुजक्या वासाची काळपट मुळे तेवढी हाती आली.

भरपाईच्या अर्जावर उत्तर मिळाले की, जमीन संपादित झालेली नसल्याने मोबदला देता येत नाही. ज्याची थोडी जमीन संपादनात जाते, त्याच्या उरलेल्या जमिनीला पोहोचणारी हानी 2013 च्या भूसंपादन कायद्याच्या कलम 28 नुसार मोबदल्यात धरावी लागते. ज्याची काहीच जात नाही, त्याला हे कलम लागत नाही. पाणी तर दोघांच्याही शेतात सारखेच साचते.

मालकी न जाता नुसता वापर गेला तर त्याला संपादन म्हणायचे का, हा प्रश्न जुना आहे. सोलापूरच्या कापड गिरणीचा कारभार 1950 मध्ये सरकारने हाती घेतला, तेव्हा मालकी कागदावर कंपनीचीच होती. तरीही मालमत्तेचा उपभोगच हिरावला गेला असेल तर ते संपादनच ठरते, असे सर्वोच्च न्यायालयाने मानले. त्यावर 1955 च्या चौथ्या घटनादुरुस्तीने, मालकी किंवा ताब्याचा हक्क सरकारकडे जात नसेल तर ते सक्तीचे संपादन समजू नये, अशी तरतूद अनुच्छेद 31 मध्ये घातली. पुढे 1978 च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने तो अनुच्छेदच रद्द झाला आणि कायद्याच्या आधाराशिवाय कोणाची मालमत्ता हिरावता येणार नाही, असे सांगणारा अनुच्छेद 300अ आला. त्यामुळे ती जुनी आडकाठी आज उरलेली नाही, असे माझे मत आहे.

अमेरिकेत एका कुक्कुटपालकाच्या घरावरून लष्करी विमाने इतकी खालून जात की घाबरलेल्या कोंबड्या भिंतींवर आदळून मरत. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 1946 साली ती मालमत्ता घेतल्यासारखीच धरली, आणि जमिनीच्या वापरात थेट व तात्काळ अडथळा येतो का, ही कसोटी लावली. मला तीच पटते. कामाच्या काळातली धूळ, गाड्यांचा आवाज यासाठी मी भरपाई मागणार नाही. माझी द्राक्षेही त्याच रस्त्याने बाजारात जातात. पण दर पावसाळ्यात शेताचे तळे होणे ही तात्पुरती गैरसोय नव्हे, तो सरकारने माझ्या जमिनीचा पाणी साठवायला केलेला वापर आहे. मोजणीच्या वेळीच लगतच्या गटांतली पाण्याची वाट पंचनाम्यात नोंदवली असती, तर ही वेळ आली नसती.

दुसऱ्या अर्जात मी मोरी आधी आणि भरपाई नंतर मागितली आहे. ऑक्टोबर छाटणी तोंडावर आली आहे, आणि त्या एकरात कात्री लावावी असे वेल फारच थोडे उरले आहेत.