युरिया संपला

परवा यवतमाळहून दारव्ह्याला एका साक्षगंधाला निघालो होतो. लाडखेडच्या अलीकडे चहाची टपरी दिसली, मी थांबलो आणि सवयीने चावी फिरवून इंजिन बंद केलं. तेवढंच चुकलं. 800 किलोमीटरपासून गाडी पडद्यावर उलटी मोजणी करत होती, की डीईएफ, म्हणजे धूर साफ करायचं युरियाचं पाणी, भरा, नाहीतर इंजिन पुन्हा सुरू होणार नाही. पीककर्जाच्या नोटिशीकडे आपल्याकडे जसं बघतात, तसं मी तिच्याकडे बघत होतो. पण गाडी शब्दाची पक्की निघाली. शून्य झाल्यावरही चालत राहिली, आणि मी बंद केल्याबरोबर कायमची बसली.

"चहा प्यायचाच होता का?" बायको एवढंच म्हणाली. शालू नेसलेली बाई उन्हात एवढंच म्हणते तेव्हा ते फार असतं.

टपरीवाल्याच्या पोराला पैसे देऊन यवतमाळला पिटाळलं आणि बाकड्यावर बसलो. शेजारी एक काका होते. डोक्याला दुपट्टा, मोटरसायकलच्या मागे दोरीने आवळलेली युरियाची थैली. सकाळपासून लायनीत उभं राहून, मशिनवर अंगठा देऊन मिळवलेली एकच थैली, आणि दुकानदाराने सोबत गळ्यात मारलेली कसल्याशा टॉनिकची बाटली.

"काय झालं भाऊ?"

"युरिया संपला."

काकांनी आजूबाजूच्या कपाशीच्या पऱ्हाटीवर नजर फिरवली. "कोनाचा?"

"गाडीचा."

काकांनी बिडी विझवली. असं काही ऐकताना माणसाचे हात मोकळे पाहिजेत.

"गाडीले युरिया लागते?"

मी समजावलं. 1 एप्रिल 2020 पासून देशभर गाड्यांच्या धुराचा बीएस-6 नियम आला. काही डिझेल गाड्यांमध्ये गरम धुरावर युरियाचं पाणी फवारतात, त्याचा अमोनिया होतो आणि धुरातला विषारी वायू मरतो.

"धुरावर फवारनी?" काका म्हणाले. "कोनता रोग हाय धुराले?"

एव्हाना टपरीवर सहा-सात जण जमले होते. काकांनी त्यांच्याकडे वळून निकाल जाहीर केला, "पाहा, म्हनून भेटत नाई आपल्याले! गाड्या खाऊन रायल्या!" सगळ्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जिल्ह्याच्या युरियाची अख्खी रेल्वे-रॅक माझ्याच डिकीत उतरली आहे.

पण माणूस दिलदार. लगेच थैलीची शिवण उसवायला लागले. "मूठभर टाका, पाह्यजे तं दोन टाका. लग्नकार्याले चालले तुमी."

"नाही चालत काका. 2015 पासून शेतीच्या सगळ्या युरियावर निंबोळीच्या तेलाचा थर असतो. जमिनीत हळू विरघळावा म्हणून, आणि कारखान्यांनी पळवू नये म्हणून. ते तेल गाडीच्या नळकांड्यात गेलं तर आतलं सगळं खराब होईल."

"निंबानं खराब होते? आमी दात घासतो निंबानं."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. इतक्यात समोरून एक काळीपिवळी गेली. आत किती माणसं होती ते मोजता आलं नाही, कारण मागे असा काळा लोट सोडला की आमचे चहाचे कप दिसेनात. तिला कोणी शून्य दाखवत नाही. याच भागातून शकुंतला नावाची रेल्वे जायची, 1921 साली मँचेस्टरला बनलेलं वाफेचं इंजिन 1994 पर्यंत कोळसा फुंकत राहिलं; त्याच्या कपाळावर कधी पिवळा दिवा लागल्याचं ऐकिवात नाही. आणि माझी गाडी मात्र सभ्य, म्हणून रस्त्यात उभी.

हे युरियाचं तरी बरं. गाडीतला धुराची काजळी अडवणारा फिल्टर त्याहून नाटकी. त्यातली काजळी जळायला धूर सहाशे अंशांच्या आसपास तापावा लागतो, म्हणजे गाडी एका लयीत, न थांबता वीसेक मिनिटं पळाली पाहिजे. आमच्या रस्त्यावर वीस मिनिटांत सात खड्डे, दोन कळप आणि एक वरात लागते. गॅरेजवाला म्हणाला, "समृद्धीवर मोकळी सोडा." म्हणून मी महिन्यातून एकदा कारंजा लाडला जातो, टोल भरतो, कुठेही न जाता परत येतो. काजळी जाळायला जाणारा आणि त्यासाठी डिझेल जाळणारा माणूस म्हणून माझी नोंद व्हायला हवी. दुसरा एक गॅरेजवाला हळूच म्हणाला होता, "फिल्टरच काढून टाकतो, कंप्युटरले कळतच नाई." बेकायदेशीर आहे म्हणून नको म्हटलं. परवा त्या बाकड्यावर त्याचा नंबर शोधत होतो, हे लपवत नाही.

पोरगा 20 लिटरची बादली घेऊन आला. बाराशे रुपये. काकांनी बादली फिरवून फिरवून वाचली.

"साडेबत्तीस टक्के युरिया. बाकीचं काय?"

"पाणी."

"पानी?" काका बोटांवर मोजायला लागले. "सात किलो धरा. पंचेचाळीसची थैली 266 रुपये 50 पैशाची. पयले पन्नासची होती, ते जाऊ द्या. सात किलोचे झाले 42 रुपये." मग त्यांनी माझ्याकडे, आमच्या घरात कोणी गेल्यासारखं पाहिलं. "भाऊ, 1158 रुपये पान्याचे देल्ले तुमी."

मी म्हणालो, ते साधं पाणी नसतं, क्षार काढलेलं असतं.

"मंग तं कमी पाह्यजे ना पैसे. काढून घेतलं त्यातून."

टाकीत पंधरा लिटर बसलं. दहा मिनिटं चावी लावून ठेवल्यावर पडद्याने आम्हाला माफ केलं. उरलेलं पाणी काकांनी मागून घेतलं, "पंपात टाकून पाह्यतो पऱ्हाटीवर," आणि बादली हँडलला अडकवून फटफट धूर सोडत निघून गेले.

साक्षगंधाला पोचलो तेव्हा जेवणाची शेवटची पंगत उठत होती. मुलीच्या मामाने विचारलं, "एवढा उशीर?" मी तोंड उघडायच्या आत बायको म्हणाली, "युरियाच्या लायनीत होते हे."

कोणी हसलं नाही. मामा जवळ सरकले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "कुठी आला?"