फुंकलेला माल परत होत नाही

शनिवारी नाना पेठेतल्या एका दुकानात साठ रुपये मोजून मी दुसऱ्याच्या तोंडातून आलेला पेट्रोल फिल्टर विकत घेतला. साठ रुपयांचं काही नाही हो, पण राग अजून जात नाहीये.

गाडी बुलेट, जुन्या कास्ट आयर्न इंजिनची, आणि आधीच्या मालकाने हौसेने तिचा बॉबर करून ठेवलाय. मागची सीट गेली, मडगार्ड अर्धं गेलं, मोठी टाकी जाऊन पीनट टाकी आली, जिच्यात पेट्रोल कमी आणि गंज जास्त मावतो. टाकीखालच्या पेट्रोल कॉकच्या आतली जाळी मोठे कण अडवते पण गंजाची बारीक पूड बिनधास्त कार्बोरेटरमध्ये उतरते, तिथे पेट्रोल अडवणारी फ्लोटची सुई नीट बसत नाही आणि मग गरम इंजिनाच्या शेजारी पेट्रोल टपटप. तर कॉक आणि कार्बोरेटरच्या मधल्या पाइपात एक इनलाइन फिल्टर टाकायचा, एवढंच काम.

"गाडी कुठली?" काउंटरवरचा म्हणाला.

"बुलेट. पण कस्टम आहे."

"कस्टम म्हणजे कुठलं साल?"

आता ह्याला काय सांगणार. मी म्हटलं साल सोडा, पाइप सहा एमएमचा आहे, जागा जेमतेम चार इंच आहे, आणि गाडीला पंप नाही, टाकीतून पेट्रोल आपलं आपण खाली येतं, त्यामुळे जाळीवाला द्या, कागदवाला नको. त्याने शांतपणे मारुती 800 चा फिल्टर पुढे ठेवला. आता त्या गाडीला पेट्रोल पंप असतो, तो ओढून घेतो. आमच्याकडे टाकी कार्बोरेटरच्या वर वीतभर, त्या दाबावर बारीक कागदातून पेट्रोल कसंबसं उतरणार, म्हणजे गल्लीत गाडी मस्त आणि हायवेला जरा पिळली की भुक भुक करून बंद. मग त्याने काचेचा चकचकीत क्रोमवाला काढला. दिसायला एक नंबर, पण इंजिनावर काच आणि रबरी रिंग लटकवून, खाली पेट्रोल गळताना, सिग्नलला उभं राहायची माझी हिंमत नाही. शेवटी खालच्या खणातून पारदर्शक प्लॅस्टिकचा, आत नायलॉनची जाळी असलेला, अगदी हवा तसा निघाला. शेवटचा पीस.

इथे काका आले.

काका लुनाची ब्रेक केबल घ्यायला आले होते आणि डोक्यावर हेल्मेट होतं. पुण्यात वयस्कर माणूस दुकानाच्या आतसुद्धा हेल्मेट घालून उभा आहे, हेच आधी मला झेपेना. त्यांची पद्धत अशी की स्वतः बोलायचं तेव्हा काच वर, आपण बोलायला लागलो की काच खाली. खट.

"बुलेटला फिल्टर कशाला लागतो?" काच वर.

"टाकीत गंज आहे, काका."

खट.

"मग टाकी बदला." काच वर.

"टाकी कस्टम आहे."

खट. काचेआडून बराच वेळ काही नाही. मग काच वर. "आरटीओला सांगितलंय का?"

गाडीतल्या बदलांबद्दलचं मोटार वाहन कायद्याचं कलम 52 मलाही माहितीये, पण फिल्टर घ्यायला आलेल्या माणसाला हा प्रश्न? मी विषय बदलावा म्हणून फिल्टर उचलून उजेडात धरला, तर काकांनी तो माझ्या हातातून घेतला. "असं बघून कळत नाही," म्हणाले, "फुंकून बघायचं असतं." आणि मी काही बोलायच्या आत फिल्टर हेल्मेटच्या आत गेला आणि काकांनी गाल फुगवून असा फुंकला की काच आतून धूसर झाली.

"जातंय," काका म्हणाले.

फिल्टरवर बाण असतो. पेट्रोल कुठून कुठे जायचं त्याचा. काका बरोब्बर उलट्या टोकाने फुंकले होते, म्हणजे कार्बोरेटरच्या बाजूने. आणि काका सुपारी खात होते. पारदर्शक फिल्टरचा फायदा हा की आतलं सगळं दिसतं. जाळीच्या कार्बोरेटरकडच्या बाजूला, जिथून पुढे अडवणारं कोणी नाही आणि ज्यातून पेट्रोल इंजिनाकडे जातं त्या मेन जेटचं भोक मिलिमीटरभराचं आहे, तिथे सुपारीचा एक कण चिकटलेला मला स्पष्ट दिसत होता.

मी दुकानदाराकडे पाहिलं, दुसरा द्या म्हटलं. "शेवटचा आहे साहेब."

"मग राहू दे."

"आता उष्टा झाला ना. फुंकलेला माल परत होत नाही."

"पण मी कुठे फुंकलं?"

"तुमच्यासाठीच फुंकलं ना त्यांनी."

काच खाली. खट. काका केबल घेऊन गेले, सुट्टे पैसे मोजून. मी साठ रुपये दिले आणि वर थँक्यू म्हणालो, हे मला सगळ्यात जास्त लागलंय.

आणि खरं सांगायचं तर चिडायचं काकांवर नाहीच. पंपावर आता ई-20 मिळतं, वीस टक्के इथेनॉल. जुन्या गाड्यांचे रबरी पाइप आणि सील त्यासाठी बनलेलेच नाहीत, टाकीच्या तळाशी वर्षानुवर्षं बसलेला गाळ ते सोडवून खाली पाठवतं, वर पाणी ओढून घेतं ते वेगळंच. माझा मावसभाऊ कारखान्याला ऊस घालतो, त्याचं भलं होवो, पण त्याचा ऊस माझ्या जेटमध्ये कशाला? पंपावरच्या पोराला विचारलं, साधं पेट्रोल मिळेल का? तो म्हणाला, हे साधंच आहे. झालं. पाइप बदलायचा खर्च आपला, फिल्टर आपला, सुपारीसुद्धा आपलीच.

घरी पेट्रोलने तीनतीनदा खळबळून घेतला, कण दिसेनासा झाला, बाहेर गेला असं धरून चाललोय. बसवला. गाडी छान पळते. फक्त फिल्टर कायम अर्धा रिकामा दिसतो, वरच्या बाजूला हवा अडकते, त्याने काही बिघडत नाही, पेट्रोल खालून व्यवस्थित जातं. पण हे मला माहिती. सिग्नलला शेजारी थांबलेला प्रत्येक माणूस वाकून बघतो आणि सांगतो, "दादा, पेट्रोल संपलंय." काल एकाने तर हात लांब करून टिचकी मारली. पाइप सटकला असता तर?