दरपत्रक कुठं लावलंय, हे विचारायची लाज कशाला?

काल रविवारी आम्ही सात जणी आणि दोन निवृत्त गुरुजी असे नऊ जण आमच्या तालुक्याच्या गावातले चौदा खासगी दवाखाने फिरलो. प्रत्येक ठिकाणी काउंटरवर एकच प्रश्न विचारला, "दरपत्रक कुठं लावलंय?" चौदापैकी तीन ठिकाणी सापडलं. एके ठिकाणी ते औषध कंपनीच्या कॅलेंडरमागं होतं. तिथल्या सिस्टरनीच कॅलेंडर उचलून दाखवलं. उरलेल्या अकरा ठिकाणी आधी आमच्याकडं बघितलं गेलं आणि मग विचारलं गेलं, "तुम्ही कुठल्या पक्षाच्या?"

आम्ही कुठल्याच पक्षाच्या नाही. हे सगळं कशासाठी चाललंय ते आज सविस्तर लिहिते, कारण ओळखीतले बरेच जण विचारतायत की तुम्ही बायका डॉक्टरांच्या मागं का लागलाय.

एप्रिल २०२१. माझा मोठा भाऊ, आम्ही त्याला दादाच म्हणायचो, कोरोनाने जिल्ह्याच्या ठिकाणी एका खासगी दवाखान्यात अकरा दिवस होता. तीन दिवस जनरल वॉर्डात, आठ दिवस आयसीयूत व्हेंटिलेटरवर. तो परत आला नाही. बिल झालं ४ लाख ११ हजार. वहिनीने पाटल्या मोडल्या, सोसायटीचं कर्ज आधीच होतं त्यावर सावकाराचं घेतलं, आणि सगळे पैसे भरल्यावरच शेवटचे कागद हातात पडले.

तेराव्यानंतर एका दुपारी मी आणि वहिनी स्वयंपाकघरात फरशीवर ते बिल पसरून बसलो. नऊ पानं होती. आयसीयूचे दिवसाला १५ हजार. नर्सिंग वेगळं, दिवसाला हजार. डॉक्टरांची व्हिजिट दिवसातून दोनदा, आठशे आठशे. आणि पीपीई किट ८८. वहिनी जेमतेम सातवी शिकलेली. तिने बोटं मोजून मला विचारलं, "ताई, रोज आठ जण आत जात होते का हो? मला काचेतून एकच मावशी दिसायच्या." त्या वाक्यानंतर मला त्या रात्री झोप लागली नाही.

तोवर आम्हाला कुणालाही माहीत नव्हतं की राज्य सरकारने २१ मे २०२० लाच आदेश काढून कोरोनाच्या उपचाराचे दर बांधून दिले होते. वॉर्डचे दिवसाला ४ हजार, आयसीयूचे साडेसात हजार, व्हेंटिलेटरसह आयसीयूचे ९ हजार. त्यातच नर्सिंग, डॉक्टरांची तपासणी, जेवण सगळं धरलेलं होतं. हे मला एका कार्यकर्त्या ताईंनी फोनवर समजावून सांगितलं. त्या काळात कोरोनात नवरा गेलेल्या बायकांसाठी हेरंब कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोरोना एकल महिला पुनर्वसन समिती उभी केली होती, आणि जन आरोग्य अभियान या आरोग्याच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या गटाची माणसं जादा बिलांच्या तक्रारी कशा लिहायच्या ते शिकवत होती. आम्ही अर्ज लिहिला. कार्यालयात तीन वेळा फाईल हरवली. वहिनी प्रत्येक वेळी एसटीने जाऊन नवी झेरॉक्स देऊन आली. सातव्या महिन्यात बिलाची तपासणी झाली आणि ७६ हजार ६०० रुपये जादा घेतल्याचं निघालं. आयसीयूचे जादाचे ४८ हजार, नर्सिंगचे ११ हजार, व्हिजिटचे १७ हजार ६००. चेक आला. पीपीई किटचं काहीच झालं नाही, ते त्या दरांत धरलेलं नव्हतं. ८८ किट कुणी घातले हे आजही आम्हाला कळलेलं नाही.

ज्या दिवशी चेक हातात आला त्या दिवशी वहिनी रडली. दादा गेला तेव्हा रडली होती तशी नाही, वेगळंच. "म्हणजे आपलं खरं होतं," एवढंच म्हणाली.

मी ही गोष्ट सांगते तेव्हा लोक म्हणतात, तो कोरोनाचा काळ होता, सोडून द्या. पण कोरोनाचे दर तरी बांधलेले होते. आज अपेंडिक्सचं ऑपरेशन, सिझेरियन, मोडलेला पाय, कशालाच खासगीत बांधलेला दर नाही. एकाच गावात, एकाच रस्त्यावर, त्याच ऑपरेशनचे दोन दवाखान्यांत दुप्पट फरकाने पैसे लागतात. बाजारात मेथीची जुडी घेताना आपण तीन ठिकाणी विचारतो. दवाखान्यात विचारायची हिंमत होत नाही, कारण आपलं माणूस आत असतं.

आता नियमाचं सांगते. खासगी दवाखान्यांच्या नोंदणीचा कायदा आपल्याकडे १९४९ पासून आहे. त्याचे नियम जानेवारी २०२१ मध्ये बदलले. बदललेल्या नियमांनुसार प्रत्येक दवाखान्याने दर्शनी भागात पंधरा प्रकारच्या सेवांचे दर लावायचे आहेत: खाटेचं भाडं, आयसीयू, ऑपरेशन थिएटर, भूलतज्ज्ञ, नर्सिंग, ऑक्सिजन वगैरे. रुग्ण हक्कांची सनद लावायची आहे. तक्रारीसाठीचा टोल फ्री नंबर लावायचा आहे. नियम न पाळल्यास दाद मागायला महापालिकेत आरोग्य अधिकारी आहेत, बाहेर जिल्हा शल्यचिकित्सक किंवा जिल्हा आरोग्य अधिकारी आहेत. म्हणजे आम्ही काही नवं मागत नाही. छापून आलेला नियम भिंतीवर मागतोय.

हा नियमही कुणी आपणहून दिलेला नाही. आरोग्याच्या हक्कांवर काम करणारी पुण्यातली 'साथी' संस्था, डॉ. अनंत फडके, डॉ. अभय शुक्ला आणि जन आरोग्य अभियानाचे कितीतरी बिननावाचे कार्यकर्ते वर्षानुवर्षं मंत्रालयाच्या पायऱ्या झिजवत होते. यातले कितीतरी जण स्वतः डॉक्टर आहेत, हे मला मुद्दाम सांगायचंय. ही लढाई डॉक्टरांच्या विरोधातली आहे असं म्हणणाऱ्यांनी त्यांची कामं बघावीत.

काल ज्या तीन ठिकाणी दरपत्रक होतं, त्यातलं एक जुन्या वेशीजवळचं, आठ खाटांचं. डॉक्टरांच्या मिसेसनी स्वतः मार्करने कार्डशीटवर लिहून वरून प्लास्टिक चिकटवलंय. अक्षर शाळेतल्या सुविचारासारखं. डॉक्टरांनी आम्हाला बसवून चहा दिला आणि त्यांच्या बाजूचंही सांगितलं. मुलाच्या मेडिकलच्या फीचं कर्ज, शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलांतून येणारे मार्केटिंगवाले, पेशंट पाठवला की पाकीट. "मी कट घेत नाही म्हणून माझ्याकडं सोनोग्राफी मशीन नाही," असं ते सहज बोलून गेले. मला ते ऐकून फार वाईट वाटलं. प्रामाणिक डॉक्टर एकटा पडतो आणि पेशंटही एकटा पडतो, आणि मधल्यांची चांदी होते. दर जाहीर झाले आणि त्याला सरकारने वरची मर्यादा घातली तर या डॉक्टरांचा फायदाच आहे, असं ते स्वतः म्हणाले.

मर्यादा घालता येत नाही असं कुणी म्हटलं तर मी त्यांना स्टेंटचं उदाहरण देते. हृदयाच्या अरुंद झालेल्या रक्तवाहिनीत बसवायचा औषधी लेप असलेला स्टेंट लाखाच्या वर विकला जायचा. बिरेंदर सांगवान नावाच्या एका वकिलाने दिल्ली उच्च न्यायालयात याचिका लावून धरली, आणि फेब्रुवारी २०१७ मध्ये सरकारने त्याची कमाल किंमत २९ हजार ६०० रुपये केली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांच्या किमतीही बांधल्या. एका माणसाने चिकाटी धरली तर एवढं होतं. केंद्राचा २०१० चा दवाखान्यांचा कायदा आहे, त्याखालच्या नियमांत दर ठरवण्याची तरतूद आहे, पण महाराष्ट्राने तो स्वीकारलेलाच नाही. ज्या राज्यांनी स्वीकारला तिथेही दर ठरले नाहीत, म्हणून फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केंद्राला फटकारलं होतं.

हे झालं खासगीचं. पण माझं मन खरं अडकलंय ते सरकारी दवाखान्यात. तो धड चालला तर अर्धा प्रश्न तिथंच सुटतो.

आपल्या राज्यात २००७ पासून लोकाधारित देखरेख नावाचं काम सुरू झालं. आधी पाच जिल्ह्यांत: अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद, पुणे, ठाणे. गावातल्या लोकांनी आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्राला गुण द्यायचे. चांगल्याला हिरवा रंग, बऱ्याला पिवळा, वाईटाला लाल. तो तक्ता सगळ्यांसमोर लावायचा आणि जनसुनवाई घ्यायची. मी पहिली जनसुनवाई बघितली ती माझ्या मावशीच्या गावी. शाळेच्या पटांगणात मांडव, समोर खुर्च्यांवर आरोग्य अधिकारी, खाली सतरंजीवर गाव. एक म्हातारी उठली. तिने पदराची गाठ सोडली आणि आतून घड्या केलेल्या चिठ्ठ्या काढल्या. बाहेरून औषध आणा म्हणून सरकारी डॉक्टरांनी लिहून दिलेल्या, वर्षभराच्या. एकेक उलगडून तिने टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "साहेब, ही सगळी दुकानातनं आणली. मग तुमच्या दवाखान्यात मी कशाला येते?" मांडवात कुणी बोललं नाही. अधिकाऱ्यांनी चिठ्ठ्या मोजल्या, सव्वीस निघाल्या. तिथल्या तिथं औषधसाठ्याची वही मागवली गेली. पुढच्या महिन्यात त्या केंद्राच्या भिंतीवर उपलब्ध औषधांची यादी लागली. ती आजी शिकलेली नव्हती, पण तिने पुरावा जपून ठेवला होता. तक्रार कशी मांडायची हे मी तिच्याकडून शिकले.

१५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत. केसपेपरचेही पैसे नाहीत. हे फार मोठं पाऊल आहे आणि त्याचं मी मनापासून कौतुक करते. पण केसपेपर मोफत आणि गोळी बाहेरून, हे चालणार नाही. तामिळनाडूने १९९० च्या दशकातच औषध खरेदीसाठी वेगळं महामंडळ काढलं. आपल्याकडे तसं प्राधिकरण करण्याचा कायदा २०२३ मध्ये झाला. उशीर झाला, पण झाला. आता गोदामातून गोळी उपकेंद्रापर्यंत पोचते का, हे आपल्यालाच बघावं लागणार.

योजनांबद्दलही लोक विचारतात. महात्मा फुले जन आरोग्य योजना राजीव गांधींच्या नावाने २०१२ साली आठ जिल्ह्यांत सुरू झाली होती. २०२३ मध्ये ती राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना लागू करण्याचा आणि वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण देण्याचा निर्णय झाला. चांगलं आहे. पण काउंटरवर "हे योजनेत बसत नाही" हे वाक्य ऐकलं नाही असं एक घर मला दाखवा. असं सांगितलं तर नकार लेखी मागा. योजनेसाठी दवाखान्यात बसणाऱ्या माणसाचं, म्हणजे आरोग्यमित्राचं, नाव लिहून घ्या. आणि ट्रस्टचं हॉस्पिटल असेल तर आणखी एक हक्क आहे, जो फारच थोड्यांना माहीत असतो: उच्च न्यायालयाने मंजूर केलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना निम्म्या दरात द्याव्या लागतात. उत्पन्नाची मर्यादा अनुक्रमे १ लाख ८० हजार आणि ३ लाख ६० हजार. जिवावर बेतलेलं असेल तर डिपॉझिटसाठी अडवता येत नाही. रेशनकार्ड किंवा तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला घरात तयार ठेवा. आजारपण आल्यावर तहसीलच्या रांगेत उभं राहू नका.

पैसा कुठून आणायचा, असं आमच्या भावकीतले एक काका मला परवा म्हणाले. काका, २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात सरकारनेच लिहिलंय की २०२५ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्के आरोग्यावर खर्च करू. २०२१-२२ च्या सरकारी हिशेबात तो १.८४ टक्के होता. आणि त्याच हिशेबात देशाच्या आरोग्यावरच्या एकूण खर्चातले ३९ टक्के लोकांनी स्वतःच्या खिशातून भरलेत. पैसा आत्ताही जातोच आहे. तो वहिनीच्या पाटल्यांमधून जातोय.

आमच्या आमदारांकडे आम्ही दोन मागण्यांचं निवेदन घेऊन जाणार आहोत. खासगी दवाखान्यांचे दर ठरवणारा आणि ते पाळायला लावणारा कायदा अधिवेशनात मांडा. आणि तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात भूलतज्ज्ञाची जागा भरा. ती रिकामी असल्याने आमच्याकडच्या बायकांना सिझेरियनसाठी रात्री चाळीस किलोमीटर पुढं पाठवतात. निवेदनावर आत्तापर्यंत ६१२ सह्या झाल्यात. त्यातल्या दोनशेवर वहिनीने घरोघरी जाऊन घेतल्यात.

तिची धाकटी मुलगी गेल्या महिन्यात पोटदुखीने दाखल झाली होती. मी पोचेपर्यंत वहिनी काउंटरवर उभी होती, पिशवीत नियमाची झेरॉक्स, आणि रिसेप्शनच्या पोरीला शांतपणे सांगत होती, "बाई, आधी मला दर दाखव, मग मी सही करते." पोरीने आत जाऊन डॉक्टरांना विचारलं आणि एक कागद आणून दिला. वहिनीने चष्मा लावून तो पूर्ण वाचला आणि मग सही केली.

पुढच्या रविवारी सकाळी दहाला आम्ही पुन्हा एसटी स्टँडसमोर जमतोय. उरलेल्या अकरा ठिकाणी नियमाची प्रत द्यायला जायचंय. भांडायला नाही, प्रत द्यायला. ज्यांना यायचंय त्यांनी या, येताना पाण्याची बाटली आणा. आणि तुमच्या गावातल्या दवाखान्यात दरपत्रक लावलेलं दिसलं तर फोटो काढून खाली टाका. लावलं नसेल तर तेही लिहा.