'इथे मेडिक्लेम चालतं का' हे काउंटरवर विचारून काय होणार?

मंडळी, आमच्या घरात बाबा आणि आत्या दोघंही कानाला मशीन लावतात, त्यामुळे देवगड-कणकवली पट्ट्यातल्या ओळखीपाळखीतल्या कुणाचा ना कुणाचा फोन येतच असतो, की जवळपास कानाची तपासणी चांगली कोण करतं आणि तिथे मेडिक्लेम चालतं का. पहिल्याचं उत्तर देतो मी. दुसऱ्याला मात्र वैतागतो.

काउंटरवरची मुलगी 'हो चालतं' म्हणते तेव्हा ती खोटं बोलत नसते. हॉस्पिटल त्या कंपनीच्या नेटवर्कात आहे एवढंच तिला ठाऊक असतं. पण नेटवर्क म्हणजे तुम्ही ऍडमिट झालात आणि तो आजार पॉलिसीत बसला तर कॅशलेस. ऑडिओमेट्रीला, म्हणजे ऐकू किती येतं त्या तपासणीला, कोण ऍडमिट होतंय? हेडफोन लावून काचेच्या खोलीत बसायचं, टुक आवाज आला की बटण दाबायचं, अर्ध्या तासात माणूस बाहेर. साध्या मेडिक्लेमला सहसा २४ तास भरती लागते, त्यामुळे ओपीडीचं कव्हर वेगळं घेतलेलं नसेल तर ते बिल आपल्याच खिशातून. आणि मशीनचं तर विचारूच नका, बहुतेक पॉलिसीत चष्मा, कॉन्टॅक्ट लेन्स आणि श्रवणयंत्र एकाच ओळीत वगळून टाकलेली असतात. कानाच्या पडद्याचं ऑपरेशन असेल तर क्लेम होतो, पण नवीन पॉलिसी असेल तर त्यालाही बऱ्याचदा २४ महिने थांबायला लावतात.

म्हणून प्रश्न हॉस्पिटलला नाही, कंपनीला विचारायचा, आणि ईमेलवर. ओपीडी तपासणी कव्हर आहे का, श्रवणयंत्राचे पैसे मिळतात का, मिळत असतील तर किती आणि आधी मंजुरी लागते का, एवढं विचारा आणि उत्तर लेखी घ्या. फोनवर 'सर होऊन जाईल' म्हणणारा एजंट क्लेम नाकारला गेल्यावर फोन उचलत नाही, आमच्याकडे हे झालंय, कंपनीचं नाव नाही घेत. मुलगा मुंबई-पुण्याला नोकरीला असेल तर त्याच्या कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत आईवडील आणि थोडीफार ओपीडीची रक्कम असू शकते, त्याला एचआरकडून पॉलिसीचा कागदच मागवायला सांगा. फौजेतून रिटायर झालेली माणसं आपल्याकडे घरटी आहेत, त्यांना ईसीएचएस, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेतून मशीन मिळतं, केंद्र सरकारच्या पेन्शनरांना सीजीएचएस या त्यांच्या आरोग्य योजनेतून. पण दोन्हीकडे आधी शिफारस आणि मंजुरी, मग खरेदी. बिल घेऊन नंतर गेलात तर बसा चकरा मारत.

सरकारी योजनांचंही तसंच. महात्मा फुले योजना काय किंवा ७० वर्षांवरच्यांचं आयुष्मान कार्ड काय, ५ लाखाचा आकडा ऐकून लोक खूश होतात, पण ते भरती होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहे. मशीनसाठी केंद्राची एडिप योजना आहे, दिव्यांगांना उपकरणं देणारी, महिन्याचं उत्पन्न २२,५०० च्या आत असेल तर मोफत, मात्र ४० टक्के दिव्यांगत्वाचं सर्टिफिकेट हवं. इथेच म्हातारी माणसं अडकतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऐकू कमी येणं धरतात ते दोन्ही कानांत ६० डेसिबलपासून पुढे, आणि घरातलं बोलणं तुटायला लागतं त्याच्या कितीतरी आधी. बाबांचं तेव्हा एकच पालुपद होतं, 'माका बरोबर ऐकाक येता, तुमीच तोंडातल्या तोंडात बोलतास!' राज्याची मुख्यमंत्री वयोश्री योजना ६५ वर्षांच्या वरच्यांना ३००० रुपये देते, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २ लाखांच्या आत असेल तर. तीन हजारात बरं डिजिटल मशीन येत नाही, पण मिळतात ते घ्या.

तर सांगायचं हे, की आपल्यातल्या बहुतेकांचे पैसे स्वतःचेच जाणार आहेत. मग ते मशीनच्या ब्रँडवर उधळण्यापेक्षा आपल्या जवळपास असलेल्या, मशीन नीट बसवून देणाऱ्या माणसावर खर्च करा, असं माझं स्पष्ट मत आहे. मशीन विकत घेतलं की काम संपत नाही, तिथून सुरू होतं. पहिल्या काही महिन्यांत आवाज परत परत ट्यून करावा लागतो, भांड्यांचा आवाज डोक्यात जातो, कानातला साचा टोचतो. त्यात आपला पावसाळा, जून ते सप्टेंबर हवेत नुसता दमटपणा, मशीन रात्री सिलिका जेलच्या डबीत ठेवलं नाही तर बंद पडू शकतं. अशा वेळी मुंबईच्या झगमगीत शोरूमचा काय उपयोग? कोकण रेल्वेचं तिकीट मिळेपर्यंत माणूस मशीन कपाटात ठेवून देतो आणि मग कायमचंच. महिन्यातून एकदा हॉलमध्ये कॅम्प लावून मोफत तपासणी करणारे तर मला अजिबात पटत नाहीत, टेबल-खुर्ची टाकून, बाहेर रिक्षा वाजतायत, त्यात कसली ऑडिओमेट्री!

आधी ईएनटी डॉक्टरला दाखवा, कधीकधी नुसता मळ निघतो. ओरोस आणि रत्नागिरीला आता सरकारी मेडिकल कॉलेज आहेत. मग ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे ऐकण्याची तपासणी करून मशीन बसवणारा. त्याला डिग्री विचारायला लाजू नका, बीएएसएलपी किंवा एमएएसएलपी असते, आणि पुनर्वास परिषदेचा, म्हणजे आरसीआयचा नोंदणी नंबर मागा, त्यांच्या साइटवर नाव शोधता येतं. चिऱ्याच्या खाणीवर नाहीतर ट्रॉलरच्या इंजिनापाशी आयुष्य काढलं असेल तर तेही सांगा, त्या कानांचा ग्राफ वेगळा येतो. तान्ह्या बाळाची शंका असेल तर मात्र जवळ-लांब बघत बसू नका, सरळ वांद्र्याच्या अली यावर जंग या श्रवणदोषांच्या राष्ट्रीय संस्थेत जा.

आणि हो, श्रवणयंत्रावर जीएसटी नाही. बिलात लावला असेल तर तिथल्या तिथे विचारा, आणि मशीनचा सिरियल नंबर बिलावर लिहून घेतल्याशिवाय दुकान सोडू नका, वॉरंटीच्या वेळी तोच मागतात.